जामीनकीचा हिशेब : प्राध्यापक हान्स मॉर्गेन्थाऊ

फेब्रुवारी १९७९ मधील गोष्ट. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते आणि ते तेथे असतानाच चिनी फौजांनी व्हिएतनामवर हल्ला केला. वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. मी त्या वर्षी पुण्यात एम.कॉम.चा अभ्यास करीत होतो. खोलीतील सोबती राज्यशास्त्राचा विद्यार्थी. सकाळचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याने फळीवरून एक जाडजूड ग्रंथ काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चीन आणि व्हिएतनाम हे एकाच माळेचे मणी, असे समजून अमेरिकेने दहा वर्षे युद्ध केले. आज तेच दोघे एकमेकांवर तोफा डागत आहेत. हा गृहस्थ हे चौदा वर्षांपूर्वीच सांगत होता, पण ऐकतो कोण?"

ग्रंथ होता ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’, कलकत्त्याला निघालेली भारतीय आवृत्ती. आणि तो गृहस्थ म्हणजे प्राध्यापक हान्स मॉर्गेन्थाऊ. सोबती परीक्षा देऊन गावी गेला, ग्रंथ माझ्याकडेच राहिला. पुढे छत्तीस वर्षे बँकेत काढली, बदल्या झाल्या, घरे बदलली; ग्रंथ मात्र सामानाबरोबर फिरत राहिला. राज्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही कर्जप्रस्तावांची छाननी करताना मला जे प्रश्न पडत, तेच प्रश्न हा प्राध्यापक राष्ट्रांविषयी विचारतो आहे असे मला वारंवार जाणवले. व्यापारी कुटुंबांतील वाचकांनाही ते तसेच जाणवेल, या विश्वासाने हे लिहीत आहे.

मॉर्गेन्थाऊ यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९०४ रोजी जर्मनीतील कोबुर्ग या लहान गावी झाला. वडील डॉक्टर, घराणे ज्यू, मुलगा एकुलता एक. कोबुर्ग हे पुढे हिटलरच्या पक्षाला नगरपालिकेत पहिल्यांदा स्पष्ट बहुमत देणारे गाव ठरले, तेही १९२९ मध्ये, म्हणजे देशाची सत्ता त्याच्या हाती जाण्याच्या चार वर्षे आधी. विष किती लवकर भिनले होते, याचा अनुभव मॉर्गेन्थाऊ यांना विद्यार्थिदशेतच आला. त्यांच्या शाळेची स्थापना एका जुन्या ड्यूकने केली होती आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याने त्या संस्थापकाच्या पुतळ्याला समारंभपूर्वक पुष्पचक्र वाहावे, असा प्रघात होता. १९२२ मध्ये तो मान या ज्यू मुलाकडे आला. समारंभाच्या दिवशी गावाने त्याला शिव्या दिल्या, काही जण थुंकले आणि तो बोलत असताना समोर बसलेल्या प्रतिष्ठितांनी नाके दाबून धरली. मुलाने भाषण पूर्ण केले. तो आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवस होता, असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे.

साहित्याचा अभ्यास करावा अशी त्यांची इच्छा होती, परंतु घरच्यांना पोटापाण्याची विद्या हवी होती. (हे आपल्याकडेही काही नवे नाही.) म्हणून ते कायद्याकडे वळले. फ्रँकफर्टला हुगो झिन्त्सहायमर या नामवंत कामगार-विधिज्ञाच्या हाताखाली त्यांनी वकिली केली आणि १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायदानाची मर्यादा या विषयावर प्रबंध लिहिला. या प्रबंधातच त्यांच्या पुढील सर्व विचारांचे बीज आहे. राष्ट्राराष्ट्रांत न्यायालयात निकाल लावता येईल असे तंटे असतात, तसेच कोणत्याही कलमात न बसणारे तणावही असतात. तणाव खोलवर असेल तर तंट्याचा निकाल लागूनही काही मिटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन.

वाचकांपैकी ज्यांनी भाऊबंदकीचे दावे जवळून पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सामाईक भिंतीच्या हद्दीवरून दोन भाऊ न्यायालयात जातात. मोजणी होते, निकाल लागतो, पण दुसऱ्याच महिन्यात पाण्याच्या नळावरून नवा दावा उभा राहतो, कारण भांडण भिंतीचे नव्हतेच. पेढीत धाकट्याला जी जागा हवी होती ती थोरल्याने दिली नाही, हे त्याचे मूळ. आणि या मुळाची दखल कोणत्याही मोजणीच्या नकाशात नसते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला होता, करार होत होते, युद्ध बेकायदा ठरवणारा तहही १९२८ मध्ये झाला होता. तिशीही न गाठलेला हा वकील त्या वेळी म्हणत होता की कागदावर शिक्का मारल्याने जर्मनी आणि फ्रान्स यांच्यामधील तणाव संपलेला नाही.

१९३२ मध्ये ते शिकवण्यासाठी जिनिव्हाला गेले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि परतीचा मार्ग बंद झाला. जिनिव्हातही वाट सुकर नव्हती. अध्यापनाच्या पात्रतेसाठी सादर केलेला त्यांचा प्रबंध अडकला होता. हान्स केल्सन या थोर विधिज्ञांनी अनुकूल अभिप्राय दिला म्हणून तो तरला. गमतीचा भाग असा की त्या प्रबंधात केल्सन यांच्याच मतांवर टीका होती! आपल्यावर टीका करणाऱ्याला पाठिंबा देणारे परीक्षक तेव्हाही दुर्मीळच होते. पुढे माद्रिदला नोकरी मिळाली, विवाह झाला, संसार मांडला, तोच १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. त्या वेळी पतिपत्नी स्पेनबाहेर होती; परत जाता आले नाही आणि घरातील चीजवस्तू तेथेच राहिली. वर्षभर युरोपात भटकून १९३७ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा वय तेहेतीस, दोन देशांतील दोन नोकऱ्या गेलेल्या, आणि ज्या जर्मन कायद्यात पारंगत होते त्याचा नव्या देशात फारसा उपयोग नाही.

ब्रुकलिन कॉलेजात अल्प मानधनावर सुरुवात झाली. नंतर कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात चार वर्षे, तेथे वाट्याला येईल तो विषय शिकवावा लागला. १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठातील एक प्राध्यापक रजेवर गेले आणि त्यांच्या जागी मॉर्गेन्थाऊ यांना तात्पुरते बोलावण्यात आले. बदली म्हणून आलेला हा माणूस तेथे १९७१ पर्यंत राहिला. १९४३ मध्येच त्यांना अमेरिकेचे नागरिकत्वही मिळाले होते.

‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपशीर्षक आहे ‘सत्ता आणि शांतता यांसाठीचा संघर्ष’ अशा अर्थाचे. अमेरिकन विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय तोवर बव्हंशी कायदा, इतिहास आणि सदिच्छा यांच्या मिश्रणातून शिकवला जात असे. मॉर्गेन्थाऊ यांनी त्याला कणा दिला. १९५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी राजकीय वास्तववादाची सहा तत्त्वे आरंभीच मांडली आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी ती परीक्षेसाठी पाठ केली. माझा सोबतीही पहाटे उठून ती घोकत असे, त्यामुळे माझीही निम्मी पाठ झाली होती.

त्या सहा तत्त्वांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : राज्यकर्ता काय करील हे ओळखायचे असेल तर त्याचे हेतू व भाषणे बाजूला ठेवा आणि त्याच्या राष्ट्राचे हितसंबंध कोणते, ते साधण्यासाठी त्याच्यापाशी बळ किती, एवढे पाहा. अर्थशास्त्रज्ञ जसा संपत्तीच्या भाषेत विचार करतो, तसा राज्यशास्त्रज्ञाने सत्तेच्या भाषेत विचार करावा, ही तुलना त्यांनी स्वतःच केली आहे. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा प्रत्येक जण सज्जन असतो, निदान त्या दिवशी तरी असतो. बँकेचा अधिकारी त्याच्या सज्जनपणाबद्दल शंका घेत नाही. तो ताळेबंद मागतो. मॉर्गेन्थाऊ राष्ट्रांकडे ताळेबंद मागतात.

ताळेबंदातील नोंदींची त्यांनी यादीच दिली आहे : भूगोल, नैसर्गिक साधनसंपत्ती, उद्योग, लष्करी सज्जता, लोकसंख्या, राष्ट्रीय स्वभाव, जनतेचे मनोधैर्य, शासनाचा दर्जा आणि परराष्ट्रव्यवहाराचे कौशल्य. या शेवटच्या नोंदीला ते सर्वांत अधिक महत्त्व देतात, ही गोष्ट त्यांना केवळ बळाचे पुजारी समजणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. भांडवल, माल, गुदामे सर्व काही असून गल्ल्यावर बसणारा माणूस अविचारी निघाल्यामुळे बुडालेल्या पेढ्या आपण पाहिल्याच आहेत.

आणि नीती? मॉर्गेन्थाऊ यांच्यावर सर्वांत मोठा आक्षेप येथेच घेतला जातो. त्यांनी नीती नाकारली असा समज आहे, पण मूळ ग्रंथ वाचला तर तो टिकत नाही. राजकारणाला नैतिक अर्थ असतो असे ते स्पष्टपणे लिहितात. त्यांचा विरोध होता तो आपल्या राष्ट्राचा स्वार्थ म्हणजेच विश्वाचा नैतिक नियम, असे समजणाऱ्या अहंकाराला. स्वतःला धर्मयोद्धा समजणारा राज्यकर्ता कोठे थांबावे हे विसरतो, कारण पापाशी तडजोड करता येत नाही. हितसंबंध पाहणाऱ्याला मात्र समोरच्यालाही हितसंबंध आहेत हे दिसते आणि देवाणघेवाण शक्य होते. कृतीच्या परिणामांचा आधी तोलून विचार करणे, म्हणजे सावध विवेक, हाच त्यांच्या मते राजकारणातील सर्वश्रेष्ठ सद्गुण. सत्ताकारणाचा हा अभ्यासक शौर्य आणि मुत्सद्दी चातुर्य यांच्याही वर विवेकाला स्थान देतो, हे मला पहिल्या वाचनात अनपेक्षित वाटले होते.

ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात परराष्ट्रव्यवहाराचे काही नियम आहेत. परीक्षेला ते क्वचितच विचारतात. माझ्या प्रतीत मात्र सर्वाधिक खुणा याच पानांवर आहेत. निरुपयोगी हक्काची सावली कवटाळून बसू नका, खरा लाभ पदरात पाडून घ्या. जेथून मागे फिरल्यास नाक कापले जाईल आणि पुढे गेल्यास मोठा धोका ओढवेल, अशा जागी स्वतःला कधीही नेऊन ठेवू नका. १८७० मध्ये फ्रान्सचा तिसरा नेपोलियन नेमका असाच अडकला. सैन्य हे परराष्ट्र धोरणाचे साधन आहे, स्वामी नव्हे. सरकारने लोकमताला वळण लावावे, लोकमताचा गुलाम होऊ नये. आणि आणखी एक नियम, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला : दुर्बळ मित्राला तुमच्या वतीने निर्णय घेऊ देऊ नका.

वरवर पाहता हा नियम विचित्र वाटतो. दुर्बळ माणूस बलवानाला कसा नाचवील? परंतु जो कोणी कधी मोठ्या रकमेला जामीन राहिला आहे, त्याला हे अनुभवाने ठाऊक असते. सही होईपर्यंत कर्जदार हात जोडून उभा असतो. सही झाल्यावर पत जामीनदाराची पणाला लागते आणि धंदा कर्जदार चालवतो. तो जितका अशक्त होत जाईल तितका जामीनदार अधिक अडकत जातो. त्याला सोडावे तर स्वतःचे नाव जाते, सांभाळावे तर आणखी पैसा घालावा लागतो. मॉर्गेन्थाऊ यांनी उदाहरण दिले आहे ते १८५३ मधील तुर्कस्तानचे. बलाढ्य ब्रिटन आणि फ्रान्स आपल्या पाठीशी आहेत या खात्रीवर तुर्कस्तानने रशियाशी ताणून धरले आणि दोन्ही महासत्तांना क्रिमियाच्या युद्धात उतरावे लागले. हे ग्रंथात छापले गेले तेव्हा सायगावचे नाव अमेरिकेत फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

मॉर्गेन्थाऊ काही सरकारचे शत्रू नव्हते. जॉर्ज केनन परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजनाचे काम पाहत होते त्या काळात ते तेथे सल्लागार होते, आणि केनेडींच्या कारकिर्दीतही त्यांचा सल्ला घेतला जाई. युरोपात सोव्हिएत विस्ताराला बळाने आवर घालावा, या धोरणाला त्यांचा पाठिंबा होता. म्हणूनच व्हिएतनामविषयी त्यांनी घेतलेली भूमिका वॉशिंग्टनला अधिक झोंबली. शांततावादी प्राध्यापकाने युद्धाला विरोध केला असता तर कोणी लक्षही दिले नसते. येथे तर सत्तेचे व्याकरण शिकवणारा गुरूच सांगत होता की हे वाक्य अशुद्ध आहे.

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे पहिले साडेतीन हजार नौसैनिक दानांगच्या किनाऱ्यावर उतरले. १८ एप्रिलला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या पुरवणी मासिकात मॉर्गेन्थाऊ यांचा लेख आला, व्हिएतनाममध्ये आपण स्वतःची फसवणूक करून घेत आहोत, हेच त्याचे शीर्षक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. युरोपात समोर रशियाची खडी फौज होती, तिला फौजेने अडवता आले. आशियात चीनचा प्रभाव प्रामुख्याने संस्कृतीचा आणि राजकारणाचा आहे. त्याच्या सीमेवर लष्करी तळ उभारून तो अडत नाही. साम्यवादी देश म्हणजे एकाच मालकाच्या शाखा नव्हेत. व्हिएतनाम आणि चीन यांचे वैर शतकांचे आहे. हो चि मिन्ह साम्यवादी खरे, पण युगोस्लाव्हियाचे टिटो जसे मॉस्कोला न जुमानता उभे राहिले, तसे तेही पेकिंगला न जुमानता उभे राहू शकतील. तुम्ही बॉम्ब टाकाल तर मात्र त्यांना चीनच्या दारात ढकलाल. आणि सायगावचे सरकार स्वतःच्या जनतेचाच विश्वास गमावून बसले असेल, तर बाहेरून आलेली फौज तो विश्वास कोठून आणणार?

त्या वर्षी अमेरिकन विद्यापीठांत ‘टीच-इन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सभांचे पेव फुटले होते. नेहमीचे वर्ग बाजूला ठेवून प्राध्यापक आणि विद्यार्थी युद्धावर तासन्‌तास वाद घालीत. १५ मे रोजी वॉशिंग्टनला राष्ट्रीय पातळीवरील सभा ठरली. अध्यक्ष जॉन्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी सरकारची बाजू मांडणार होते, परंतु ऐनवेळी ते आलेच नाहीत. अखेर २१ जून १९६५ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर दोघे समोरासमोर आले. दोघांसोबत दोन-दोन सहकारी, आणि प्रेक्षक देशभर.

बंडी हार्वर्डचे माजी अधिष्ठाता, वक्तृत्वात तरबेज. त्यांनी व्हिएतनामवरील आक्षेपांची चर्चा करण्याऐवजी मॉर्गेन्थाऊ यांच्या जुन्या लेखांतील उतारे वाचून दाखवले आणि प्राध्यापकांची भाकिते यापूर्वी कशी चुकली ते सांगितले. लाओसविषयी त्यांनी वर्तवलेले संकट प्रत्यक्षात आले नव्हते. प्राध्यापक स्वभावतःच निराशावादी आहेत, असा त्यांचा सूर होता. मॉर्गेन्थाऊ यांनी उत्तर दिले ते साधे होते : लाओसविषयी मी चुकलो असेन, पण त्यावरून मी व्हिएतनामविषयीही चुकतो आहे असे सिद्ध होत नाही. त्या संध्याकाळी बंडी जिंकले, असेच अनेकांचे मत पडले. जड जर्मन उच्चारात, थांबत थांबत बोलणाऱ्या प्राध्यापकाचा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर निभाव लागणे कठीणच होते. त्याच वर्षी त्यांचे सरकारी सल्लागारपदही गेले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९६९ पर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य पाच लाखांवर गेले. अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन आणि कित्येक लाख व्हिएतनामी माणसे मेली. युद्धाच्या खर्चाचा ताण हे डॉलरची सोन्याशी असलेली गाठ ऑगस्ट १९७१ मध्ये तुटण्याच्या कारणांपैकी एक होते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळ्या संदर्भात शिकवले गेले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. संरक्षणमंत्री म्हणून हे युद्ध चालवणारे रॉबर्ट मॅकनामारा यांनी १९९५ मध्ये आठवणी लिहिल्या आणि आपण भयंकर चुकलो अशी कबुली दिली. तोवर मॉर्गेन्थाऊ यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो. सेवेत असताना एका उद्योगाची कर्जमर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव माझ्याकडे छाननीसाठी आला. खाते वरून नियमित दिसत होते, पण जुन्या कर्जाचे व्याज नव्या कर्जातून भरले जात होते. आधीच घातलेली रक्कम वाचवायची म्हणून आणखी रक्कम घालायची, असा तो प्रकार. मी प्रतिकूल टिपण लिहिले. वरिष्ठांनी मला बोलावून, अगदी सौम्य शब्दांत, भाषा जरा बदलता येईल का असे विचारले. मी बदलली. ‘जोखीम गंभीर आहे’ याच्या जागी ‘जोखीम लक्षात घेण्याजोगी आहे’ असे लिहिले. दोन वर्षांनी खाते बुडाले. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, कारण फायलीत माझे दुसरे टिपण होते. पहिले कोठेच नव्हते. मला कोणी धमकावले नव्हते, माझी नोकरी जाणार नव्हती, फार तर एखादी गैरसोयीची बदली झाली असती. मॉर्गेन्थाऊ यांच्यापुढे याहून किती मोठी किंमत होती! ज्या देशाने त्यांना आसरा दिला, नागरिकत्व दिले, अध्यासन दिले, त्याच देशाच्या सरकारला ते ऐन युद्धाच्या वेळी चूक म्हणत होते, तेही परकीय उच्चारात. त्यांनी टिपण बदलले नाही. १९७० मध्ये त्यांच्या निबंधांचा संग्रह निघाला, त्याचे नाव ‘ट्रूथ अँड पॉवर’ आहे. सत्य आणि सत्ता या दोहोंचे पटणे कठीण असते आणि विद्वानाने सत्तेच्या जवळ जाताना आपण काय गहाण टाकतो आहोत ते पाहावे, असा त्यातील विचार आहे.

त्यांच्या विचारांतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ‘राष्ट्रीय हित’ हा शब्द ते ज्या खात्रीने वापरतात, तेवढा तो स्पष्ट नाही. व्हिएतनाममध्ये लढणे हेच राष्ट्रीय हित, असे बंडीही प्रामाणिकपणे मानत होते. मग हित कोणते हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने? ताळेबंद मागणे सोपे, पण त्यातील मालाचे मूल्यांकन करणाऱ्याची दृष्टी चुकली तर पुढची बेरीज बिनचूक असून काय उपयोग? पुढील पिढीतील केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये निराळा सिद्धांत मांडला. राष्ट्रे सत्तेमागे धावतात ती मानवी स्वभावामुळे नव्हे, वर कोणी राजा नसलेल्या जगाच्या रचनेमुळे धावतात, असे त्यांचे म्हणणे. १९८८ मध्ये जे. अॅन टिकनर या विदुषींनी तर सहा तत्त्वे एकेक करून तपासली आणि सत्ता म्हणजे दुसऱ्यावर हुकमत एवढाच अर्थ का घ्यावा, अनेकांनी मिळून काही घडवण्याची शक्ती हीही सत्ताच नव्हे काय, असा प्रश्न केला. एकत्र कुटुंबाच्या पेढ्या ज्यांनी आतून पाहिल्या आहेत, त्यांना टिकनर यांचा प्रश्न सहज पटेल. तिजोरीची किल्ली एकाच्या कमरेला असते, परंतु घर चालते ते इतर कित्येकांच्या बळावर. मॉर्गेन्थाऊ यांच्या यादीत या बळाला रकाना नाही.

आपल्याकडे अभ्यासक त्यांची तुलना हमखास कौटिल्याशी करतात. शेजारी राजा शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी मित्र, हा मंडल सिद्धांत आणि मॉर्गेन्थाऊ यांचा सत्तासमतोल यांत साम्य आहे हे खरे. पण कौटिल्याचा ग्रंथ जिंकू इच्छिणाऱ्या राजासाठी आहे. मॉर्गेन्थाऊ यांचा ग्रंथ मला तरी आधीच सर्वांत बलाढ्य झालेल्या राष्ट्राला ‘आता आवर’ असे सांगण्यासाठी लिहिलेला वाटतो. अणुबॉम्बनंतर त्यांचा हा सूर अधिकच गंभीर झाला. अण्वस्त्रांच्या युगात युद्ध हे धोरणाचे साधन उरलेलेच नाही, या निष्कर्षाला ते येऊन पोहोचले होते. काही मर्यादित अणुयुद्धाची गणिते मांडत होते, त्यांची त्यांनी कठोर संभावना केली.

शिकागो सोडल्यावर ते न्यूयॉर्कला सिटी कॉलेजात आणि नंतर ‘न्यू स्कूल’मध्ये शिकवीत राहिले. हाना आरेंट या विख्यात तत्त्वचिंतक महिलेशी त्यांचा जुना स्नेह होता. तीही त्यांच्यासारखीच जर्मनीतून निर्वासित होऊन आलेली. सोव्हिएत संघातील ज्यूंना देश सोडण्याची मुभा मिळावी यासाठी त्यांनी अध्यापकांची संघटित मोहीम चालवली. सत्ता आणि हितसंबंध एवढेच जग आहे असे मानणाऱ्याने हे का करावे, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी विचारायला हवा होता.

ऑक्टोबर १९७९ मध्ये, म्हणजे माझ्या सोबत्याने तो ग्रंथ माझ्यापुढे ठेवल्यावर आठच महिन्यांनी, स्विसएअरचे एक विमान अथेन्सच्या धावपट्टीवर उतरताना घसरून पेटले. विमान पुढे मुंबईमार्गे पेकिंगला जाणार होते. चौदा प्रवासी दगावले. वाचलेल्यांमध्ये पंच्याहत्तर वर्षांचे मॉर्गेन्थाऊ होते. हे मला फार उशिरा कळले. १९ जुलै १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. व्हिएतनामवरून ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते, त्या हेन्री किसिंजर यांनी त्यांना आपले गुरू म्हणून आदरांजली वाहिली.

१९८५ मध्ये त्यांचे शिष्य केनेथ थॉम्प्सन यांनी ग्रंथाची सहावी आवृत्ती सिद्ध केली. आकडे नवे घातले गेले, काही प्रकरणांची डागडुजी झाली. दुर्बळ मित्राविषयीचा नियम शेवटच्या प्रकरणात होता तेथेच आहे, उदाहरणही तेच, तुर्कस्तानचे.